आईच्या डोळ्यांदेखत

आपल्याला पित्ताचा त्रास आहे, असं आवडाबाई कित्येक वर्षं सांगत आली होती. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीतून खांद्यापर्यंत जायची. मग ती शिलाई मशीनवरून उठायची, सोडा घातलेलं पाणी प्यायची, घटकाभर भिंतीला टेकायची आणि पुन्हा साडीला फॉल लावायला बसायची. मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. करमाडकडची जमीन शेंद्र्याच्या एमआयडीसीत गेली, तेव्हा नवऱ्यानं, काकासाहेबानं, त्या बांधल्या. तो तिथल्याच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. दोघांना एकच लेक, संस्कृती. तिच्या आधी दोन मुलं झाली होती, पण ती राहिली नाहीत. म्हणून ही जगली तेव्हा आवडाबाईनं ठरवून टाकलं होतं, हिला शिकवायचं. संस्कृती बारावी होऊन नर्सिंगला गेली. पांढरा ड्रेस घालून ती पहिल्या दिवशी दारात उभी राहिली, तेव्हा आवडाबाईनं गल्लीतल्या चार जणींना हाक मारून दाखवली होती.

दोन हजार सोळाचा उन्हाळा लागला. पाऊस सलग दोन साल दगा देऊन गेला होता. शहर मात्र थांबत नव्हतं, जालना रोडच्या दोन्ही बाजूंनी इमारतींवर मजले चढत होते, आणि गल्लीतल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. अशाच एका पाण्याच्या दिवशी आवडाबाई उन्हात हंडा घासत बसली होती. संस्कृती समोर आली आणि तिचा चेहरा हातात धरून उन्हाकडे वळवला.

"आई, वर बघ. तुझे डोळे पिवळे झालेत."

"उन्हानं झाले असतील."

"उन्हानं डोळे पिवळे होत नाहीत. खाज सुटते का अंगाला?"

खाज सुटत होती. ताप येत होता, भाकरी नको वाटत होती, हे सगळं होतं. आवडाबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लग्नसराईच्या साड्या अंगावर पडल्या होत्या.

संस्कृतीनं तिला दुसऱ्याच दिवशी आपल्या कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. आधी सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. मग डॉक्टर चारुता धर्माधिकारी यांनी तिघांना खोलीत बोलावलं. या सर्जन होत्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आवडाबाईला जरा वेळ बाहेर बसायला सांगितलं, पण ती उठली नाही.

"दुखणं माझं हाय, बाई. मला कळू द्या."

डॉक्टरांनी काकासाहेबाकडे पाहिलं, मग खुर्ची आवडाबाईकडे वळवली. "मावशी, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत. लई जुने असणार. त्या पिशवीची भिंत खूप जाड झालीय आणि ती यकृताला चिकटलीय. पित्ताची वाटही त्यामुळं दबलीय, म्हणून कावीळ आहे. फोटोत जे दिसतंय ते चांगलं दिसत नाही. कॅन्सरसारखं दिसतंय."

काकासाहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. संस्कृती म्हणाली, "मॅडम, सुई घालून तुकडा तपासता नाही येणार?"

"सुई घातली आणि कॅन्सरच असला, तर तो पोटात पसरू शकतो. आणि सुईत सापडला नाही, तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही. पिशवी काढायचीच आहे, तर काढून तपासू. पण आधी कावीळ उतरली पाहिजे. दुर्बिणीतून एक नळी बसवू, पित्ताला वाट करून देऊ. मग तीन-चार आठवड्यांनी ऑपरेशन." त्या थांबल्या. "आणि एक सांगते. फार थोड्या लोकांत नुसती जुनाट सूजही अशीच दिसते. हुबेहूब. मी पाहिलीय. तेव्हा तपासणी होईपर्यंत मी कॅन्सर आहे असं म्हणणार नाही."

तिघं रिक्षानं घरी परतली. डॉक्टरांनी जे शेवटी सांगितलं ते आवडाबाईच्या कानावर पडलं होतं, पण आत गेलं नव्हतं. डॉक्टर धीर देतात, हे तिला ठाऊक होतं. तिच्या आईलाही असाच धीर दिला होता.

आवडाबाईची आई गेली तेव्हा ती लहान होती. मामानं तिचं लग्न लावलं. पाठवणीच्या वेळी कुणाच्या गळ्यात पडायचं हे तिला समजेना, तेव्हा शेजारची एक बाई पुढं झाली आणि तिनं तिला जवळ घेतलं. त्या बाईच्या अंगाला गोवऱ्यांचा वास येत होता. सासरी पहिली दोन-तीन वर्षं सासू काहीबाही बोलली की आवडाबाईच्या मनात एकच यायचं, माझ्या मागं कुणी नाही हे यांना माहीत आहे. हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता अंथरुणावर पडल्या पडल्या तिला ते सगळं आठवू लागलं, आणि त्या लहान आवडाच्या जागी तिला संस्कृती दिसू लागली.

नळी बसवून ती घरी आली, तेव्हा काकासाहेबाची थोरली बहीण सत्यभामा भेटायला आली. आवडाबाईनं तिचा हात धरला.

"अक्का, माझं काय खरं नाय. माझ्या डोळ्यांदेखत पोरीचं उरकून टाका. मी गेल्यावर तिला कोण बघणार? हे सकाळी गेले की रात्री येतात. पोर घरात एकटी."

"अगं, पण ती शिकती ना?"

"लग्न झाल्यावर बी शिकती. चांगलं घर बघा म्हंजे झालं."

सत्यभामाच्या पाहण्यात एक स्थळ होतं. अंबडच्या पुढं पिंपळखेडा, तिथला सोमनाथ. बाप नाही, आई आहे. पोराचा स्वतःचा टँकर, आणि त्या साली टँकरवाल्याला दम खायला फुरसत नव्हती. व्यसन नाही, तोंडात शिवी नाही. मुलीला शिकू देऊ, असं त्याची आई दगडाबाई म्हणाली होती. आवडाबाईला एवढं पुरेसं होतं.

संस्कृतीला कळलं तेव्हा ती कॉलेजातून नुकती आली होती. बॅग खांद्यावरच होती.

"आई, माझी परीक्षा आहे पुढच्या महिन्यात."

"परीक्षा पुन्हा येती. मी पुन्हा येणार हाय का?"

"कशावरून तू जाणार आहेस? मॅडम काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? मी लायब्ररीत बसून वाचलंय. त्या आजाराला नाव आहे. खड्यांमुळं पित्त भिंतीत झिरपतं, तिथं पिवळ्या गाठी होतात. स्कॅनमध्ये कॅन्सरच वाटतो. ऑपरेशन होईपर्यंत कळतच नाही. आई, एक महिना थांब. फक्त एक महिना."

ती मोबाईलवर काहीतरी दाखवत होती. त्यात एक पिवळंधमक चित्र होतं. आवडाबाईनं ते हातानं बाजूला सारलं. दुखत होतं, रात्रभर झोप नव्हती, आणि समोर पोरगी उभी राहून शिकलेल्या भाषेत तिला काहीतरी समजावत होती.

"लग्न टाळायला माझ्या दुखण्याचं नाव बदलतीस व्हय गं?"

संस्कृतीचा हात तसाच राहिला. मग तिनं मोबाईल बॅगेत टाकला आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. तिची पाठ आवडाबाईला अंथरुणावरून दिसत होती. कणीक कधीच मळून झाली होती, तरी ती मळतच होती.

दोन दिवस ती घरात कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून उशिरा आली, आईच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "करा. मला चालेल."

"मनापासून म्हणतीस ना?"

"व्हय."

ती एरवी व्हय म्हणायची नाही, हो म्हणायची. आवडाबाईच्या ते ध्यानात आलं. पण त्या वेळी तिनं फार खोलात जायचं टाळलं. जे हवं होतं ते मिळालं होतं.

लग्न करमाडला, सत्यभामाच्या दारात झालं. मांडव लहान, माणसं मोजकी. पाणी नवरदेवाच्याच टँकरनं आलं, आणि लोक त्यावरून हसले. हळदीच्या दिवशी बायकांनी नवरीला हळद लावली, मग एकमेकींना लावली, मग आवडाबाईलाही लावली. नळी बसवल्यावर कावीळ उतरत होती, पण गेली नव्हती. त्या एका दिवसापुरता तिचा पिवळेपणा सगळ्यांच्या पिवळेपणात मिसळून गेला. कुणीतरी म्हणालं, संस्कृतीची आई आज किती चांगली दिसते. पाठवणीच्या वेळी संस्कृती तिच्या गळ्यात पडली, आणि आवडाबाईनं तिला असं धरलं, की आपल्या आयुष्यातली एक रिकामी राहिलेली जागा भरून निघाली असं तिला वाटलं. ती मनात म्हणाली, आता मेले तरी चालेल. संस्कृती रडली नाही. "दादाकडं बघ, औषधं चुकवू नको," एवढं म्हणाली आणि गाडीत बसली. वडिलांना ती दादा म्हणायची. परीक्षेचा पहिला पेपर त्याच आठवड्यात होता.

ऑपरेशनला ती सासरहून आली. हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, अंगावर नव्या साडीचा करकरीतपणा. तिच्याबरोबर शिकणाऱ्या दोघी-तिघी वॉर्डात ड्यूटीवर होत्या. त्या पांढऱ्या ड्रेसमध्ये, ही साडीत. त्या आवडाबाईचं ब्लडप्रेशर बघून लिहून घेत होत्या आणि संस्कृती बाजूला स्टुलावर बसून त्यांच्या हातांकडे बघत होती. एकीनं तिला विचारलं, "परीक्षेला का नाही आलीस गं?" ती नुसती हसली.

आवडाबाईला आत नेलं तेव्हा काकासाहेब तिच्या ट्रॉलीच्या बाजूनं दारापर्यंत चालत आला. आयुष्यात त्यानं तिचा हात चारचौघांत धरला नव्हता. त्या दिवशी धरला.

आत काय झालं ते तिला नंतर कळलं. बरगडीखाली आडवा छेद घेतला, तर पित्ताची पिशवी दगडासारखी कडक. ती यकृताला चिकटलेली, आतड्यालाही चिकटलेली. डॉक्टर चारुतांना ती सुटी करायलाच कितीतरी वेळ लागला. आतडं फाटलं असतं तर वेगळंच संकट उभं राहिलं असतं. त्यांनी यकृताच्या थोड्या भागासकट पिशवी काढली, आणि पोट उघडं ठेवूनच तिचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर असता तर यकृताचा आणखी मोठा भाग, पित्ताची नळी, गाठी, सगळं काढावं लागणार होतं. खालच्या लॅबमधून निरोप आला, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. डॉक्टरांनी दुसऱ्या जागेचा तुकडा पाठवला. तिथंही नव्हत्या. मग त्यांनी पुढचं कापणं थांबवलं आणि पोट शिवलं.

आवडाबाई दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आली. नाकात नळी, पोटातून नळी, घशाला कोरड. डोळे उघडले तर संस्कृतीचा चेहरा अगदी जवळ होता. तो ओला होता आणि हसत होता.

"आई, कॅन्सर नाही. ऐकू येतंय का? कॅन्सर नाही निघाला. दोनदा तपासलं. ते दुसरंच आहे, मी म्हटलं होतं ना, ते. तू बरी होणार आहेस."

आवडाबाईनं ऐकलं. तिच्या कपाळावरून संस्कृतीचा हात फिरत होता, आणि तो फिरताना बांगड्या वाजत होत्या. त्या आवाजाकडे आवडाबाईचं लक्ष गेलं. तिनं मान वळवून त्या बांगड्यांकडे पाहिलं. मग मान दुसरीकडे, भिंतीकडे केली.

संध्याकाळी डॉक्टर चारुता राउंडला आल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. असं फार क्वचित घडतं, असं त्यांच्या मागच्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी सांगितलं. मग आवडाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तुम्ही नशीबवान आहात. पूर्ण रिपोर्ट यायचाय, पण मला खात्री आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कानात जात होतं. डॉक्टरांना वाटलं आनंदानं. काकासाहेबालाही तसंच वाटलं. त्यानं बाहेर जाऊन वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटले.

सगळे गेल्यावर ती संस्कृतीला म्हणाली, "तू खरं सांगत होतीस."

"जाऊ दे आई."

"मी तुला काय बोलले."

"तुला दुखत होतं तेव्हा. झोप आता."

आठवड्यानं पूर्ण रिपोर्ट आला. त्या आजाराचं नाव इतकं लांबलचक होतं, की काकासाहेबाला ते वाचताच आलं नाही. संस्कृतीनं एका दमात वाचून दाखवलं. तेवढं वाचताना तिच्या आवाजात जुनी ऐट आली होती. पिवळ्या गाठी, जुनाट सूज, कॅन्सर नाही. त्याच दिवशी सोमनाथ तिला न्यायला आला. त्याच्या आईचा निरोप होता, घरात कामाला माणूस नाही, विहीण आता बरी आहे. तो बिचारा दारातच अवघडून उभा होता. आवडाबाईच्या पोटातली नळी निघून तेव्हा एकच दिवस झाला होता. संस्कृतीनं तिची औषधं सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवली, जखम कशी धुवायची ते काकासाहेबाला करून दाखवलं आणि गेली.

त्या साली पाऊस चांगला झाला. आवडाबाईच्या अंगावर मांस आलं. तिला भूक लागू लागली, भाकरीला चव आली. कळ अशी काही राहिली नव्हती. कितीतरी वर्षांनी ती पोटभर जेवत होती, आणि पोटभर जेवली की तिला कसंतरी व्हायचं. शहागंजात दोरे आणायला गेली की ओळखीचा लेसवाला म्हणायचा, "बाई, आप तो एकदम ठीक हो गयी." ती मान हलवायची. फोनवर संस्कृती कायम बरी असायची. कॉलेजचं विचारलं की म्हणायची, बघू, पावसाळा होऊ दे.

काकासाहेब एक दिवस सुट्टी काढून कॉलेजात गेला. तिथल्या बाईंनी सांगितलं, मुलगी हुशार आहे. दिवाळीच्या आत आली तर वर्ष वाया गेलं तरी नाव राहील. त्यानंतर अवघड आहे. हे ऐकल्यावर आवडाबाईनं नवी साडी नेसली, खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि दोघं एसटीनं पिंपळखेड्याला गेली.

दगडाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला, सगळा मान राखला. संस्कृती पदर सावरत आतबाहेर करत होती. तिचे हात आवडाबाईनं पाहिले. ज्या हातांनी ती इंजेक्शन भरायला शिकली होती, त्यांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. आवडाबाईनं हळूहळू विषय काढला. पोरगी मुकुंदवाडीला राहील, कॉलेज करील, सणावाराला येईल, वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न. तुम्हीच तर शिकू देऊ म्हणाला होतात.

दगडाबाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही मरायला टेकला होता म्हून आम्ही आठ दिसात मांडव घातला. बघाबघी नाय, बोलाचाली नाय. माझ्या एकुलत्या पोराचं लगीन मी असं उरकलं, कशासाठी? एक माय लेकीला डोळ्यांदेखत उजवून जाईल म्हून. आता तुम्ही बऱ्या झालात, देवाची किरपा. पण त्यात आमचा काय गुन्हा? तुम्ही बऱ्या झालात म्हून सून वापस द्यायची असती व्हय?"

"वापस नाय म्हणत मी. शिकू द्या म्हणते."

"गावात लोक काय म्हणतात ठाव हाय का? म्हणतात, आजार नव्हताच. पोरगी खपवायची होती. मी त्यांची तोंडं धरते, बाई."

आवडाबाईच्या पोटावर हातभर लांब व्रण होता. क्षणभर तिला वाटलं, साडी बाजूला करून तो दाखवावा. मग तिला कळलं, की दाखवून काही होणार नाही. दगडाबाई खोटं बोलत नव्हती. तिनं खरंच एका मरणाऱ्या बाईवर दया केली होती.

सोमनाथ खाली मान घालून बसला होता. काकासाहेब त्याला म्हणाला, "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?" त्यानं आईकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात संस्कृती उभी होती. तीच बोलली.

"दादा, आता नाही जमणार. मला दिवस गेलेत."

एसटीच्या थांब्यापर्यंत ती सोडायला आली. दोन्ही बाजूंना हिरवीगार कपाशी होती. काकासाहेब पुढं चालत होता. आवडाबाईला बोलायचं होतं, पण ती रस्त्यातच उभी राहून रडायला लागली. इतके महिने अडवलेलं सगळं आता बाहेर आलं.

संस्कृतीनं तिला रडू दिलं. मग पदरानं तिचं तोंड पुसलं, दवाखान्यात पेशंटचं पुसतात तसं, नीट, कानामागून.

"आई, एक सांगू? तू माझ्याकडं बघून रडत जाऊ नको."

"मग काय करू गं?"

"तू रडलीस की मला वाटतं, तू वाचलीस याचंच तुला वाईट वाटतंय. मग मी कशाकडं बघून आनंद मानायचा? माझ्याकडं तेवढीच एक गोष्ट हाय."

ती आता हाय म्हणत होती. एसटी आली.

पुढं संस्कृतीला मुलगी झाली. मुकुंदवाडीतच, आईकडं. चाळिसाव्या दिवशी ती परत गेली. कॉलेजातलं नाव निघालं होतं. तिच्याबरोबरच्या मुली नोकरीला लागल्या, एक पुण्याला गेली, एक दुबईला. सोमनाथनं बायकोला कधी मारलं नाही की टाकून बोलला नाही. तो फक्त तिला काही विचारायचा नाही. गावात कुणाला ताप आला, जखम झाली, की लोक टँकरवाल्याच्या बायकोला बोलवायचे. एकदोनदा ती गेली. मग दगडाबाईला ते आवडलं नाही, आणि तिनं जाणं बंद केलं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात पुन्हा तसाच दुष्काळ पडला. आवडाबाई शेवटच्या तपासणीला गेली. दवाखान्याची नवी इमारत झाली होती, लिफ्ट आली होती. डॉक्टर चारुतांचे केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी सोनोग्राफी पाहिली, पोट दाबून पाहिलं, व्रणावरून बोट फिरवलं.

"एकदम उत्तम आहे, मावशी. आता यायची गरज नाही. तुमची मुलगी कशी आहे? नर्सिंगला होती ती."

"बरी हाय. तिला पोरगी झाली."

"वा. हुशार होती फार. मला तिची आठवण आहे. लग्नाआधी एकदा एकटीच आली होती माझ्याकडे. ओपीडी संपेपर्यंत बाहेर बसून राहिली." डॉक्टर हात पुसत बोलत होत्या. त्यांना हे घरी माहीत असेल असंच वाटत होतं. "मला म्हणाली, मॅडम, धीर द्यायला नको, खरं सांगा. कॅन्सर नसायची शक्यता किती? मी म्हटलं, खरंच सांगायचं तर दहात एक. ती म्हणाली, म्हणजे दहातल्या नऊ वेळा आईला तिच्या मनासारखं बघून जाता येईल. मग मी करते लग्न. मी म्हटलं, आणि ती एक वेळ आली तर? तर म्हणाली, मग काय, मग आईच असेल ना."

आवडाबाई टेबलाच्या कडेला बसून राहिली. ब्लाउजचं बटण लावायचं होतं, ते हाताला सापडेना. डॉक्टरांच्या मदतनीस बाईनं ते लावून दिलं.

बाहेर जालना रोडवर पुलाचं काम चालू होतं, धूळ उडत होती. काकासाहेब रिक्षा बघायला पुढं गेला. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिनं संस्कृतीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला. मागं हंड्यांचा, बायकांच्या भांडणाचा आवाज होता.

"आई, टँकर आलाय. काय म्हणाल्या मॅडम?"

"सगळं चांगलं हाय म्हणाल्या. आता यायची गरज नाय."

"बरं झालं," संस्कृती म्हणाली. तिचा आवाज खरोखर मोकळा झाला. "लई बरं झालं, आई."

आवडाबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण रडायचं नाही असं बजावलेलं होतं, आणि बोलायला गेली असती तर रडली असती. तिनं तोंडावर पदर धरला, श्वास घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते आता. हंडा भरला की."

"पोरगी काय करती?"

"झोपलीय. ठेवू का? माझा नंबर आला."

"ठेव," आवडाबाई म्हणाली. फोन बंद झाल्यावरही तो तिनं कितीतरी वेळ कानालाच धरून ठेवला. काकासाहेब रिक्षा घेऊन आला आणि तिला उठवायला त्यानं हात पुढं केला.